अंगठ्याखालचा दम

१

तपासायला आलेल्या जुन्या मशीनला मी आधी हात लावत नाही. स्टँडच्या आडव्या फळीला ते टांगतो, आवळतो, आणि समोर स्टुलावर बसून नुसतं बघतो. होडीच्या मागे अडकवायचं छोटं मशीन बघूनच बरंचसं कळतं. पंखा वाकलाय का, खाली तेल झिरपलंय का, टोपणाचे स्क्रू एका जातीचे आहेत की आधी कोणीतरी उघडून हाताला येतील ते ठोकलेत. मग टोपण काढायचं. प्लगला करंट येतो का बघायचं. गिअरचं तेल दुधासारखं झालं असेल तर आत पाणी गेलंय. शेवटी मशीनचा पाय पाण्याच्या पिंपात बुडवून चालू करायचं, आणि मशीन गार ठेवणाऱ्या पाण्याची मागच्या भोकातून धार पडते का ते पाहायचं.

पण या सगळ्याच्या आधी दम बघायचा. शिकलेले लोक त्याला कॉम्प्रेशन म्हणतात. ते मोजायचं एक घड्याळही मिळतं. माझ्याकडे ते नाही. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते दम म्हणायचे, म्हणून मीही दम म्हणतो. प्लग काढायचा, त्या भोकावर एका हाताचा अंगठा दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने मशीन चालू करायची दोरी ओढायची. आतल्या हवेने अंगठा उडवून लावला तर मशीन जिवंत. नुसता गार वारा लागला तर बसलेलं.

पंचेचाळीस वर्षांत माझा अंगठा एकदाही खोटं बोललेला नाही. म्हणूनच पुढचं मला नाकारता येत नाही.

२

हे मशीन कंपाउंडरने आणलं. दवाखान्यातून तो गेल्या वर्षी निवृत्त झाला, तरी त्याला सगळे कंपाउंडरच म्हणतात. तलावाकाठचं एक घर रिकामं होत होतं, तिथल्या माळ्यावर हे पडलेलं. चांगलं असेल तर ठेव, नाहीतर आठ दिवसांत परत आण, अशा बोलीवर त्याला मिळालं होतं. त्याची एक छोटी होडी आहे आणि वल्ही मारून त्याचे खांदे भरून येतात. घेऊ की नको, एवढंच त्याला माझ्याकडून हवं होतं.

मी अंगठा लावला, दोरी ओढली. काही नाही. तीनदा ओढली. मांजराने जीभ लावावी एवढंसुद्धा नाही.

दम नाही, असं मी त्याला सांगितलं.

तेवढ्यात आतून आमची ही खोकली. माझी शेड आमच्या खोलीला लागून आहे. मध्ये एक भिंत, त्या भिंतीत एक खिडकी, आणि खिडकीला लागून हिचा पलंग. हिला पंधरा वर्षांपासून दमा. पण तो छातीत, तोंडापर्यंत कधी पोचला नाही. खोकला आवरून ती खिडकीतून म्हणाली की भावजी, ह्यांना काय विचारता, लग्नाच्या दिवशी हे तीन शब्द बोलले होते आणि त्यातले दोन कोणीतरी शिकवून पाठवले होते, तिसरा पाणी मागायचा. हे सगळं एका दमात. पंधरा वर्षं मी हेच बघत आलोय. जिना चढताना दोनदा बसते, पण मला बोलायला लागली की मध्ये श्वास घेत नाही.

कंपाउंडर हसला. मिस्त्री, वहिनींकडे बघा, दमा असून केवढा दम, असं म्हणाला.

मला दिवसाला चार वाक्यं पुरतात. त्या दिवशी मी पाचवं बोललो. मशीनवर थाप मारली आणि म्हणालो, "तुला दम पाहिजे ना? आमच्या घरात बक्कळ आहे. घे त्यातला."

तिघंही हसलो. सगळ्यात जास्त ती हसली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लगच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडलं. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मशीनच्या पिस्टनवरच्या रिंगा सुकलेल्या असतात. तेल प्याल्या की सिलिंडरच्या भिंतीला धरतात. तासाभराने अंगठा लावून दोरी ओढली, तर हलकीशी फुंकर आली. यात नवल नाही. तेलाचा दम खोटा असतो, दिवसभरात उतरतो. कोणाही मिस्त्रीला विचारा.

तिसऱ्या दिवशी तो उतरायला हवा होता. अंगठा टचकन उडाला.

मी तेल पुसून काढलं. घासलेट घालून आतून धुतलं, उलटं करून निथळवलं, उन्हात ठेवलं. चौथ्या दिवशी अंगठा ठेवायला जोर लावावा लागला. झिजलेल्या लोखंडाचं वय उलटं जात नाही. मी स्वतःला समजावलं की गंज सुटला असेल, जाम बसलेली रिंग मोकळी झाली असेल. अशी कारणं मला अजून दोन-तीन सापडली. मिस्त्री लोकांना कारणांचा कधी तोटा नसतो.

त्या चार दिवसांत घरात काय चाललं होतं ते माझ्या ध्यानात आलं, पण मी ते मशीनशेजारी ठेवून बघितलं नाही. सकाळी ती मला बोलायला लागली, की अंघोळीचं पाणी कधीचं काढून ठेवलंय आणि तुम्ही त्या लोखंडाच्या तोंडाशी बसलाय. हे वाक्य तिने तीन तुकड्यांत पुरं केलं. दुसऱ्या दिवशी पाच. मग नुसतं, "पाणी." मग हात.

हवा बदलली की असं होतं, असं मी म्हणालो. तिने मान हलवली. मान हलवून गप्प बसणारी ती बाई नाही.

४

पाचव्या सकाळी शेडचं दार उघडलं तर मशीन वळलेलं होतं.

स्टँड जागच्या जागीच होतं. होडीला दिशा द्यायला हे मशीन उभ्या दांड्यावर डावी-उजवीकडे फिरतं, ते फिरलेलं. प्लगचं भोक मशीनच्या मागच्या अंगाला असतं. मी ते रस्त्याकडे करून ठेवलं होतं. आता ते खिडकीकडे होतं.

दांड्याचा बोल्ट ढिला असेल म्हणून तो आवळला. मशीन पुन्हा रस्त्याकडे वळवलं, आत जाऊन हिला दोन घास भरवले, गोळी दिली. परत आलो तर भोक खिडकीकडे. बोल्ट मात्र आवळलेलाच होता, पान्याला हलेना.

मी स्टूल ओढून त्याच्यामागे बसलो. शेडमध्ये आवाज कसलाच नव्हता. खिडकीतून हिचा श्वास तेवढा येत होता. ती घरघर माझ्या ओळखीची आहे, त्या आवाजावर मी झोपतो. मी अंगठा भोकावर ठेवला. दोरीला हात लावला नाही, नुसता ठेवला.

अंगठा आत ओढला गेला. जोरात नाही. लहान मूल बोट चोखतं तेवढा.

मग सुटला. मग पुन्हा ओढला गेला. मला वाटलं आपलंच रक्त ठणकतंय, म्हातारपणी नाड्या उड्या मारतात. म्हणून डोळे मिटून फक्त ऐकलं. खिडकीपलीकडे ती श्वास घ्यायला सुरुवात करायची, घरघर वर चढायची, आणि अर्ध्यावर यायची तेवढ्यात माझा अंगठा आत ओढला जायचा. तिथेच तिचा श्वास तुटायचा. वरचा अर्धा तिला मिळत नव्हता.

मी हात काढून घेतला. अंगठ्यावर गोल वळ उठला होता आणि त्याला वास येत होता. तेलाचा नाही, घासलेटचा नाही. हिच्या छातीला मी रोज जो बाम चोळतो, त्याचा.

५

त्याच दुपारी कंपाउंडर आला. आधी तो आत गेला, तिच्या पाठीला कान लावला. बाहेर आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर थट्टा उरली नव्हती. छाती भरलेली नाहीये, कफ नाही, पंपाचं औषधही पोचतंय, मग हवा जाते कुठे हेच कळत नाही, असं तो हळू आवाजात म्हणाला. उद्यापर्यंत उतार पडला नाही तर निरोप द्या, डॉक्टरांना घेऊन येतो, म्हणाला.

मग सवयीने मशीनपाशी गेला. मी अडवायच्या आत त्याने प्लग बसवून दोरी ओढली. एका ओढीत ते धडधडायला लागलं. इतकं गोड चालणारं जुनं मशीन मी आयुष्यात ऐकलेलं नाही. खोलीतून भांडं पडल्याचा आवाज आला. मी प्लगची वायर उपटली.

हाताला झटका बसला, तो मला नंतर जाणवला. आत धावलो. ती पलंगावर बसून दोन्ही हातांनी गादी धरून तोंड उघडत होती आणि तोंडात काही जात नव्हतं. डोळ्यांनी ती मला रागवत होती. मग कुठूनतरी एक श्वास आला. मग दुसरा.

बाहेर कंपाउंडर म्हणत होता की झकास आहे, मिस्त्री, उद्याच घेऊन जातो.

"ते इथून हलणार नाही," मी म्हणालो.

तो म्हणाला, वस्तू माझी आहे. मी म्हणालो, वस्तू तुझी असेल, आत आहे ते माझ्या घरातलं आहे. मग मी त्याला सगळं सांगितलं. अंगठा दाखवला. त्याने वास घेतला आणि बराच वेळ माझा हात सोडला नाही. शेवटी म्हणाला, असं असेल तर तलावात बुडवून टाकू. मी त्याला विचारलं, तिचा अर्धा श्वास आत असताना बुडवू?

६

तो गेल्यावर मला राग आला. मला राग येत नाही, आला तर मी बाहेर जाऊन लाकडं फोडतो. त्या दिवशी मी शेडचं दार लावलं, मशीनसमोर उभा राहिलो आणि त्याच्याशी बोललो. माणूस मुकाट असला की त्याला वाटतं आपण एकदा तोंड उघडलं की समोरचा हादरेल.

मी म्हणालो, "शेवटचा दम देतोय तुला. तिचं तिला परत कर."

शब्द तोंडातून सुटला आणि तेव्हाच मला तो ऐकू आला.

दोरीची मूठ हलली. कोणी न ओढता दोरी चार बोटं बाहेर आली आणि सावकाश आत गेली, घास गिळावा तशी. माझ्या छातीत काहीतरी कमी झालं. दुखलं नाही. जिना उतरताना आपण मोजून पाय टाकतो आणि खालची एक पायरी नसतेच, तसं झालं. श्वास घेतला की भरत होता, पण अगदी शेवटी जिथे तो टेकतो, तिथे टेकायला काही नव्हतं. अजूनही नाही.

मी भिंतीला धरून उभा राहिलो. चूक मला दोन्ही वेळची कळली. एकदा थट्टेत दिला, एकदा रागात दिला. त्याला थट्टा आणि राग यातलं काही कळत नाही. देतो म्हटलं की ते घेतं.

आणि दुसऱ्या वेळी मी कुठला देऊन बसलो, तेही कळलं.

मग मला भीती वाटेनाशी झाली. म्हटलं, ठीक आहे. माझा शेवटचा तुझ्याकडे आहे, तर आता तू मला आणखी काय करणार. पण हे मनातल्या मनात म्हटलं. ओठ मिटून.

७

पुढचं काम मी एक शब्द न बोलता केलं. मुकाट्याने काम करणं मला जमतं. आयुष्यभर लोक मला त्यावरून चिडवत आले.

मशीन स्टँडवरून काढलं, उचललं आणि आत नेलं. अठरा किलो असेल, पण त्या दिवशी ते एखाद्या माणसाइतकं जड लागलं. पलंगाशेजारी पोतं पसरून आडवं ठेवलं. तिने खुणेने विचारलं, हे काय. मी बोट ओठांवर ठेवलं. तिने कपाळाला हात लावला. चाळीस वर्षांचा संसार, कपाळाला हात लावायला तिला श्वास लागत नाही.

दारातून दुपारचं ऊन थेट पोत्यावर पडत होतं. प्लग काढला आणि उघडण्याआधी भोकातून आत बॅटरी मारली. जुन्या मशीनचा पिस्टन वरून काळाकुट्ट असतो, कोळसा धरलेला. हा स्वच्छ होता, ओला होता. मी मशीनच्या माथ्यावरचं चक्र हाताने फिरवून त्याला खाली नेलं. धूर बाहेर जायला आतल्या भिंतीत एक झरोका असतो. पिस्टन खाली गेला तसा तो उघडा पडला. त्या झरोक्यापलीकडे धुराच्या नळीचा अंधार असायला हवा. तिथे काहीतरी होतं. उजेड पडला आणि ते मिटलं. ओठ मिटतात तसं, कडेकडून मधे.

मी बॅटरी विझवली नाही. एवढंच माझ्याकडून झालं. मला पळून जायचं होतं, पण ती माझ्याकडे बघत होती.

सिलिंडरवरच्या झाकणाला डोकं म्हणतात, त्याचे चार बोल्ट सोडले. सोडताना प्रत्येक वेळी पाना अर्ध्यावर अडायचा, जसं पलीकडून कोणी उलट पिळतंय. चौथ्याला मी दोन्ही हातांनी, गुडघा लावून, दात खाऊन पिळलं. माझा श्वास पुरेना. ज्या पायरीवर तो टेकायचा ती नव्हतीच. मी तसाच पिळत राहिलो. तुझा किंवा माझा हात तुटेल, पण हा बोल्ट निघेल, असं मनात म्हणत राहिलो. तो निघाला.

डोकं उचललं. आतून हवा आली. एकदम नाही, लांब, कोमट. खोलीभर बामाचा वास झाला. मी थांबलो नाही. सिलिंडर ओढून वेगळा केला. पिस्टन उघडा पडला, त्यावर दोन रिंगा. रिंगा बिडाच्या असतात. नखाने ताणून बाहेर काढायच्या आणि दोन बोटांत वाकवल्या की काडीसारख्या मोडतात. पहिली मोडली. कट्.

पाठीमागून ती म्हणाली, "अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं, घरात तेलाचं मशीन आणून माझ्या धुतलेल्या पोत्यावर उघडता आणि वर मलाच गप्प बसायला सांगता?"

एका दमात. मी मोजलं.

दुसरी रिंग हातात घेतली. ती माझी असावी असं मला वाटतं. तिच्यावर बोटं ठेवली तेव्हा उघडा पिस्टन आपोआप हलला. वर आला, खाली गेला, वर आला. धरायला भिंत नाही, अडवायला काही नाही, तरी उघड्या हवेत तो शोधत होता. घरट्यातलं पिल्लू चोच वासून शोधतं तसा. मी रिंग वाकवली, तर ती मोडेना. बीड असून ती तारेसारखी वळली आणि पुन्हा गोल झाली.

तीन वेळा प्रयत्न केला. मग सोडून दिला. तिचा तिला मिळाला होता. माझा राहू दे तिकडे.

८

कंपाउंडर मशीन न्यायला आला नाही. त्याने तलावाकाठच्या लोकांना सांगितलं की मिस्त्रींकडे उघडताना तुटलं. लोकांना ते पटलं, वय झालंय माझं. चक्र, सिलिंडर, पाय, सगळं वेगवेगळ्या डब्यांत घालून मी शेडमध्ये वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवलंय. न मोडलेली रिंग एका चपट्या डबीत ठेवून तिच्यावर ऐरण ठेवली आहे. सकाळी ऐरण जरा खिडकीकडे सरकलेली असते. मी ती उचलून परत जागेवर ठेवतो. रोज ठेवतो. ती थकेल तेव्हा थकेल, मी थकणार नाही.

कंपाउंडरला त्या दुपारी सांगितलं, त्यापुढचं मी कोणाला तोंडी सांगितलेलं नाही. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर म्हणून हसलात तरी चालेल. लिहायला तोंड उघडावं लागत नाही.

काल कंपाउंडर आला होता. तिची छाती बघून तो थक्क झाला. जिना ती आता एकदाच बसून चढते. निघताना त्याने माझ्या छातीलाही कान लावला. बराच वेळ लावला. मग दाराकडे जाता जाता, विषय बदलायला म्हणून, उद्या येतो म्हणाला.

ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात पातेलं होतं. बरं वाटत असलं की ती कोणाला चहा घेतल्याशिवाय जाऊ देत नाही. शेडकडची खिडकी उघडी होती. आपल्या भाषेत जाणाऱ्या माणसाला थांबवायला बायका काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. मी ते तिच्या ओठांवर आलेलं पाहिलं.

"भावजी, असे कसे जाता, जरा द—"

"थांबा!" मी ओरडलो.

चाळीस वर्षांत मी या घरात पहिल्यांदा ओरडलो. माझ्या छातीत होता नव्हता तेवढा सगळा लागला. कंपाउंडर दारात खिळला. तिच्या हातातलं पातेलं डुचमळलं.

शेडमध्ये लोखंडाला लोखंड घासलं, थोडंसं. मग थांबलं. आम्ही तिघंही ऐकत उभे होतो.

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"थांबा म्हण," मी हळू आवाजात म्हणालो. "नुसतं थांबा. दुसरं काही नाही."

तिने खिडकीकडे पाहिलं. मग माझ्या छातीकडे.

"थांबा भावजी," ती म्हणाली. पातेलं खाली ठेवलं, शेडकडच्या खिडकीपाशी गेली आणि दोन्ही हातांनी ती उघडी खिडकी आणखी सताड उघडून तिच्यात, माझ्या आणि त्या डबीच्या मध्ये, उभी राहिली.